सात फुटांची नळी

प्रेमाची आणि पाण्याची खोली काठावर उभं राहून कधी कळत नाही. त्यासाठी उडीच घ्यावी लागते. जालना जिल्ह्यात मात्र ही अडचण येत नाही. इथे बहुतेक विहिरींचा तळ काठावरूनच दिसतो, आणि उडी घेतलीच तर प्रेमाच्या आधी हाडवैद्याशी गाठ पडते.

अशा या जिल्ह्यात, दोन हजार तीन सालच्या भाद्रपदात, शरयू एका पाणबुड्याच्या प्रेमात पडली. तिचा तसा काही बेत नव्हता. ती एक लोखंडी स्टँड वेल्ड करून घ्यायला गेली होती.

शरयू नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बी उगवणार की नाही, हे शेतकऱ्याच्या आधी तिला कळायचं. पोत्यावर काय छापलंय यावर तिचा बिलकुल विश्वास नसे. ती मूठभर बी काढायची, निम्मं ओल्या कागदावर अंथरायची आणि निम्मं मोहोरबंद करून कपाटात ठेवायची, उद्या कोणी भांडायला आलं तर हाताशी असावं म्हणून. तिचे वडील भालचंद्रराव पोस्टातून निवृत्त झालेले. ते म्हणत, "आमची मुलगी स्थळांचे फोटोसुद्धा भिंगातून बघते." हे खोटं होतं. भिंग न लावताच तिने सगळी स्थळं नापास केली होती.

तर बद्रीनाथच्या वेल्डिंगच्या दुकानात ती शिरली, तेव्हा जमिनीवर स्टीलचा एक पत्रा पडला होता, पत्र्यावर एक तरुण उताणा पडला होता, आणि बद्रीनाथ त्याच्या पाठीच्या कडेकडेने खडूची रेघ ओढत होता.

"काय झालं यांना?" शरयूने विचारलं.

"काही न्हाई. माप द्यायलेत," बद्रीनाथ म्हणाला.

"कशाचं?"

"मॅडम," पत्र्यावरून आवाज आला, "मला बोलायला लावू नका. श्वास सुटला की खडू सरकतो."

बोलून झाल्यावर त्याने पुन्हा श्वास धरला. शरयू उभी राहिली. बाहेर पावसाची सर आली आणि दुकानाच्या छपरावर ताशा वाजायला लागला. आता निघता येत नव्हतं म्हणून ती थांबली, असं तिने पुढे सगळ्यांना सांगितलं. सर पाच मिनिटांत थांबली होती, हे फक्त बद्रीनाथला ठाऊक होतं.

तरुण उठला. केसांत लोखंडाचा कीस, पाठीला गंज, आणि डोळे असे, की आत्ताच कुठून तरी खोलातून वर आलाय. त्याचं नाव धर्मराज. गाव पिंपळगाव रेणुकाई, भोकरदन तालुका. आयटीआय करून तो गोव्यात एका डायव्हिंगवाल्याचा कॉम्प्रेसर दुरुस्त करायला गेला होता. कॉम्प्रेसर दोन दिवसांत दुरुस्त झाला. धर्मराज सहा वर्षांनी परत आला.

"हा पत्रा पाठीला बांधायचा," तो सांगू लागला. "त्याच्यावर हवेची पिशवी, पिशवीवर दोन सिलिंडर. साधे डायव्हर एकावर जातात. मी खोल जाणाऱ्यातलं काम शिकून राह्यलो. बुडालेल्या जहाजाच्या पोटात जायचं असलं तर डोक्यावर छत असतं. काही बिघडलं की सरळ वर येता येत न्हाई. जे काय करायचं ते तिथंच."

"आणि हे सगळं जालन्यात?"

"जालन्यात फक्त पत्रा चांगला भेटतो. काम अंदमानात हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी. सामान ज्याचं त्यानं आणायचं, अन् पहिल्याच दिवशी त्यांचा माणूस तपासणार. नापास झालं की परत."

"तपासणार" हा शब्द ऐकून शरयूच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो बद्रीनाथच्या वेल्डिंगने पडला नव्हता.

"मग त्याच्या आधी कोणी तपासलंय का?" तिने विचारलं.

*

त्यानंतर महिनाभर, प्रयोगशाळा सुटली की शरयूच्या स्टँडमध्ये काही ना काही दोष निघू लागला. एकदा पाय लंगडा, एकदा कोपरा टोकदार. बद्रीनाथ गुणी माणूस. तो न बोलता पाय कापायचा आणि न बोलता परत जोडायचा.

दुकानाच्या मागच्या बाजूला ताडपत्रीवर धर्मराजचं सामान मांडलेलं असे. काही गोव्याहून आणलेलं, काही सिंगापूरहून मित्राबरोबर मागवलेलं, आणि पाठीचा पत्रा अस्सल जालन्याचा.

"पहिला नियम," धर्मराज म्हणाला, "ज्याची गरज न्हाई ते न्यायचं न्हाई. दुसरा नियम, ज्याच्याबिगर जीव जाईल ते दोन न्यायचं. सिलिंडर दोन, रेग्युलेटर दोन, चाकू दोन, चष्मे दोन."

"आणि गरज आहे की नाही हेच कळत नसेल तर?"

धर्मराजने मान वर केली. शरयू चाकूची धार बघत होती.

"ते मंग… काठावर ठेवायचं. अन् विचार करायचा."

"किती दिवस?"

"चाकू सांभाळा, कापंल," धर्मराज म्हणाला.

नळी अंगावर अडकवायच्या चापाच्या कड्या तिला कशा बांधायच्या, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शरयूला तारेने बांधणं पक्कं वाटत होतं.

"लोखंडाला लोखंड बांधायचं न्हाई," धर्मराज म्हणाला. "कडी कुठं अडकली, गंजली, तर सुटायला पाहिजे. म्हणून मधी दोरा. कापता येईल असं काहीतरी पाहिजे."

"सगळीकडे असंच ठेवता का तुम्ही? कापता येईल असं?"

"सगळीकडं न्हाई," तो म्हणाला आणि गाठीत मान घातली.

दुसऱ्या दिवशी शरयूने बियाण्याच्या पिशव्या शिवायचा दोरा आणला. हाताने तुटत नाही, चाकूने एका झटक्यात तुटतो. धर्मराजने तो ओढून पाहिला, दाताने पाहिला, नखाने पाहिला. मग सगळ्या कड्यांचे जुने दोरे कापून टाकले आणि नव्याने बांधायला घेतले. पुरुष फुलं आणून देतात, आणि बाई ती पाण्यात ठेवते. इथे थोडं उलटं झालं, एवढंच.

सगळ्यात लांब नळी उजव्या सिलिंडरची. सात फूट. ती कमरेजवळून, छातीवरून, मानेमागून फिरून तोंडाशी यायची. दुसरी आखूड, गळ्यात रबराने अडकवलेली, बरोबर हनुवटीखाली.

"एवढी लांब कशाला?" शरयूने विचारलं.

"ती माझी न्हाई. ती बडीची."

"बडी कोण?"

"जोडीदार. पाण्यात एकट्यानं जायचं न्हाई. त्याची हवा संपली की त्याला ही द्यायची. लांब असली की अरुंद जागेतून मागंपुढं होऊन निघता येतं."

"पण ती तर तुमच्या तोंडात असणार."

"बराबर. म्हणूनच द्यायची. माझ्या तोंडातली काढून त्याला, अन् गळ्यातली मी घ्यायची."

शरयूने हे दोनदा मनात फिरवलं. "गळ्यातली द्या ना त्याला. ती मोकळीच आहे."

"मी जिच्यातून श्वास घेऊन राह्यलो, ती चालू हाय हे मला ठाऊक हाय. गळ्यातली चालू असंल, असा अंदाज हाय. बडीला अंदाज द्यायचा न्हाई."

प्रयोगशाळेत शरयू चार वर्षं होती. खात्रीचं बी स्वतःकडे ठेवायचं आणि अंदाजाचं बाजारात सोडायचं, असं करणारी माणसं तिने पाहिली होती. उलटं करणारा पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो ताडपत्रीवर मांडी घालून नाक पुसत बसला होता.

"दसऱ्यानंतरच्या रविवारी औरंगाबादचं स्थळ यायचंय मला बघायला," ती एकदम म्हणाली. का म्हणाली ते तिला ठाऊक होतं. कोणी तरी आता काहीतरी बोलावं, म्हणून.

धर्मराज खांद्याचा पट्टा पत्र्याच्या खाचेत ओवत होता.

"चांगलंय," तो म्हणाला. "औरंगाबादला पाणी नियमित येतं का?"

शरयू उठली, चप्पल घातली, स्टँड उचलला आणि निघाली. दारातून तिने एकदाच मागे पाहिलं. धर्मराजने पट्टा उलटा ओवला होता. तो काढून त्याने परत ओवला. परत उलटा. महिनाभरात त्याचा हात पहिल्यांदा चुकत होता.

"तुमच्यात पडायला मला वेळ न्हाई," बद्रीनाथ नंतर त्याला म्हणाला, "पण त्या बाईच्या स्टँडला आता कापायला पाय उरला न्हाई."

*

दसऱ्याच्या सकाळी भालचंद्ररावांच्या घरी फोन वाजला. गावातल्या एसटीडी बूथवरून धर्मराज बोलत होता, आणि त्याचा आवाज असा होता, की शरयूला आधी वाटलं कोणी वारलं.

"आईनं तेल लावलं," तो म्हणाला.

"कशाला?"

"सगळ्याला."

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी खंडेनवमी. औजारांची पूजा. नांगर, विळे, कुऱ्हाडी, ट्रॅक्टर असं सगळं अंगणात धुऊन मांडलेलं. सामान गावी आणून ठेवून धर्मराज तिकिटासाठी जालन्याला गेलेला. त्याची आई द्वारकाबाई हिने विचार केला, पोराचंही औजारच आहे. तिने सिलिंडर मांडले, झेंडूचे हार घातले, नळ्या-रेग्युलेटर ओळीने ठेवले. रबर कोरडं दिसलं, म्हणून घरच्या घाण्याचं करडीचं तेल प्रेमाने चोळलं. तोंडात धरायच्या रबरी तुकड्यात हळदकुंकू वाहिलं. तिथे जरा जास्तच, कारण ते तोंडात जायचं होतं.

आता, नांगराला तेल लागलं तर कोणी मरत नाही. पण खोलातून वर येताना शेवटी शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो. त्याचा रेग्युलेटर वेगळा, आणि ऑक्सिजन तेलाला भेटला की दोघं मिळून पेट घेतात, काडीसुद्धा न मागता. याच भीतीने धर्मराज हवासुद्धा पंक्चरवाल्याकडून न भरता पुण्याहून भरून आणायचा. आणि गाडी उद्या होती.

"आईला काही बोललात?" शरयूने विचारलं.

"काय बोलू? तिनं मला उटणं लावल्यागत लावलंय."

"कशाला हात लावू नका. मी येते."

प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडेच असायची. काचेची भांडी धुवायचा साबण, शुद्ध पाण्याचा कॅन, चिमटे, ब्रश, भिंग, सगळं पिशवीत भरून ती भोकरदनच्या एसटीत बसली. भालचंद्ररावांना तिने सांगितलं, "कामाला चाललेय." त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. सणाच्या दिवशी मुलगी कामाला जाताना केसांत गजरा माळत नाही, एवढं पोस्टातल्या माणसालाही कळतं.

पिंपळगावात ओसरीवर चादर अंथरून दोघं समोरासमोर बसले. धर्मराज एकेक भाग सुटा करून देई, ती धुई, भिंगाखाली धरी, बोट वर करी किंवा मान हलवी. मान हलली की परत धुवायचं. रबराच्या बारीक कड्या नव्याच घातल्या. त्यांचा दुसरा संच होताच, दुसरा नियम. एका छिद्रातला कुंकवाचा कण चिमट्याने निघेना, तेव्हा दोघांची डोकी एकाच भिंगावर आली. करडीच्या तेलाचा वास, गजऱ्याचा वास. कण निघाला. डोकी मात्र थोडा वेळ तिथेच राहिली.

"चुकलं का रे माझं?" द्वारकाबाईने दारातून विचारलं.

"न्हाई मावशी," शरयू म्हणाली, "मनापासून लावलंत ना, म्हणून निघायला वेळ लागतोय."

द्वारकाबाई आत गेली आणि शेजारच्या गिरिजाबाईला म्हणाली, "पोरगी बोलायला बरी हाय. फक्त शहरची हाय."

*

दुपारी सगळं जोडून झालं. पण नव्याने जोडलेलं सामान न तपासता न्यायचं नाही, हा धर्मराजचा नियम होता, आणि शरयूचाही. धर्मराजच्या शेतातली विहीर पायऱ्यांची, आणि त्या वर्षी परतीच्या पावसाने पोटभर प्यालेली. काठावर गाव जमलं. सणाचा दिवस, पुरणपोळ्या जिरवायच्या होत्या.

धर्मराज दोन सिलिंडर पाठीवर घेऊन पायऱ्या उतरला. पत्रा, पट्टे, दोन्ही मांड्यांच्या मधून पुढे आणलेला पट्टा. त्याला बायका लंगोट म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. शरयूने शेवटच्या पायरीवर त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं. झडपा उघड्या. पिशवीत हवा. चाकू जागेवर. तिचा हात हनुवटीखालच्या नळीशी गेला तेव्हा धर्मराजने वर आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

राहिली होती लांब नळी देण्याची तालीम. अंदमानात पहिल्याच दिवशी हेच करायला लावणार होते. बडी म्हणून चुलतभाऊ भिवा ठरला होता. गावात त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. भिवा चड्डीवर पाण्यात उभा राहिला, आणि नळी तोंडातली घ्यायची आहे हे ऐकून दोन पायऱ्या वर आला.

"तुझं उष्टं?"

"उष्टं काय, रबर हाय ते."

"तुझ्या तोंडातलं हाय न्हवं? मंग उष्टंच. गळ्यातलं दे की, ते कोरं हाय."

"भिवा, कोरं चालत न्हाई—"

"मी बायकोचं बी खात न्हाई कधी. गाव बघून राह्यलंय. सणाच्या दिवशी न्हाई जमायचं आपल्याला." आणि भिवा टॉवेल गुंडाळून काठावर जाऊन बसला.

धर्मराजने गावाकडे नजर फिरवली. गावाने नजर विहिरीत टाकली. मराठवाड्यात माणूस तुम्हाला दोन एकर देईल, पण तुमचं उष्टं घेणार नाही. ते आई घेते लेकराचं, आणि लग्नात घास भरवल्यानंतर बायको नवऱ्याचं. तिसरं खातं या कामाला नाही.

शरयूने ओढणी कमरेला गच्च बांधली.

"मॅडम—" धर्मराज म्हणाला.

"मला पोहता येतं. आष्टीला मामाच्या विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तुमचा दुसरा चष्मा द्या."

"पण… लोक…"

"नळी तपासायची आहे की लोक?"

त्याने चष्मा दिला. "वर येताना श्वास धरायचा न्हाई," तो म्हणाला. "सोडत राहायचं. एवढं एकच ऐका माझं."

"एकच?"

"आत्ता एकच."

पाणी थंड होतं, हिरवं होतं. छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, मग डोक्यावरून. एका पायरीपुरतंच खाली, पण वरचं गाव एकदम पुसलं गेलं. शरयूने ठरल्याप्रमाणे गळ्यावरून हात फिरवला, हवा संपल्याची खूण. धर्मराजने क्षणभरही विचार केला नाही. ज्या माणसाला महिनाभरात ते एक वाक्य बोलता आलं नव्हतं, त्याने तोंडातला श्वास काढून तिच्या पुढे धरला.

तिने तो घेतला. पहिला श्वास करडीच्या तेलाचा लागला, अगदी किंचित. किंवा तसा भास झाला. दुसरा फक्त हवेचा. समोर धर्मराज गळ्यातली नळी तोंडात घालून तिच्याकडे बघत होता, आणि चष्म्यामागे त्याचे डोळे जेवढे होते त्याहून मोठे दिसत होते. सात फूट नळी दोघांच्या मधे होती. त्यातली सहा फूट मोकळीच राहिली.

बोट वर. ठीक आहे. त्याचंही बोट वर. श्वास सोडत दोघं वर आले.

काठावरून द्वारकाबाईचा आवाज आला.

"घेतलं गं माय. साऱ्या गावादेखत घेतलं." आणि पाठोपाठ, "गिरिजाबाई, तोंडाकडं काय बघायलीस, घरी जा अन् साखर आण जल्दी."

गाव साखरेच्या मागे गेलं. भिवाही गेला, साखर उष्टी नव्हती.

*

विहिरीत दोघंच उरले. धर्मराज पाठीवरच्या वजनासकट पायरीवर बसला. शरयू त्याच्या शेजारी वेणी पिळत होती.

"नळी चालू आहे," ती म्हणाली. "लांबी बरोबर आहे. पास."

"आईचं मनावर घेऊ नका. तिला वाटतं—"

"मला कळलं मावशींना काय वाटतं ते. तुम्हाला काय वाटतं, एवढंच या विहिरीत कोणाला कळलेलं नाही."

धर्मराजने एक चाप उघडला, बंद केला.

"बद्रीनाथकडं पाठीची दुसरी प्लेट टाकलीय," तो म्हणाला. "करायला."

"दोन पाहिजेतच. नियम आहे तुमचा."

"तशी न्हाई. लहान. अंगानं… तुमच्या मापाची."

शरयूची वेणी हातातच राहिली. "माझं माप कधी घेतलंत?"

"नजरेनं. महिनाभर."

"आणि चुकलं असेल तर?"

"तर मंग तुम्हाला पत्र्यावर झोपावं लागंल. खडू मी मारीन. बद्रीनाथला न्हाई मारू द्यायचो."

वरून एक खार पळाली आणि पाण्यात माती पडली. शरयूने हसू येऊ नये म्हणून पाण्याकडे पाहिलं. तिथेही ती हसतच होती.

"एकट्यानं जायचं न्हाई, असा नियम हाय," धर्मराज म्हणाला. आता त्याचा आवाज नीट चालू होता. "उद्या मी जाऊन राह्यलो, पण… परत येईन. तुम्हाला न्यायला. शिकवीन सगळं. तुम्ही येणार असाल तर. न्हाई म्हणालात तरी प्लेट तुमचीच. तुमच्या मापाची दुसऱ्या कोणाला बसायची न्हाई."

"रब्बीचे नमुने संपेपर्यंत मी कुठे येत नाही."

"वाट बघीन."

"बाबांना तुम्ही स्वतः येऊन विचारायचं. उद्या गाडीच्या आधी."

"येतो."

"औरंगाबादला मी आज रात्रीच नाही म्हणून कळवते. तिथे पाणी नियमित येत नाही." तिने त्याच्या खांद्यावरचा पट्टा सरळ केला. तो उलटा नव्हता, तरी केला. "आणि आता मला मॅडम म्हणायचं नाही."

धर्मराजने तिच्याकडे पाहिलं. विहिरीत ऊन उतरलं होतं आणि तिच्या भिजलेल्या गजऱ्यातलं एक फूल पाण्यावर तरंगत होतं. त्याचे ओठ हलले. काहीतरी मोठं, आयुष्यभर लक्षात राहील असं तो बोलणार, म्हणून शरयूने श्वास धरला.

"शरयू," तो म्हणाला.

"हं?"

"जरा हात दे. मघापासून उठताच येईना."